वाचक विचारतात : करार व्यापाराचा, शिक्का सुरक्षेचा

प्रश्न : बनावट माल आणि कॉपीराइट यांविषयीच्या ‘ॲक्टा’ कराराचा मसुदा अमेरिकेने ‘राष्ट्रीय सुरक्षे’चं कारण देऊन दडवला होता, असं वाचलं. नकली घड्याळांचा सुरक्षेशी काय संबंध?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने, म्हणजे यूएसटीआरने, एका स्वयंसेवी संस्थेचा माहिती अर्ज याच कारणाने फेटाळला. रणगाड्यांशी संबंध शोधू नका, तो नाहीच. गोम व्याख्येत आहे. कागद गोपनीय कधी ठरवायचा हे तिथे अध्यक्षीय आदेशाने ठरतं (डिसेंबर २००९ पासून आदेश क्र. १३५२६, त्याआधी १२९५८). या आदेशात ‘राष्ट्रीय सुरक्षा’ या शब्दांत संरक्षणाबरोबर परराष्ट्र संबंधही येतात. शिवाय परक्या सरकारने विश्वासाने दिलेली माहिती फुटली, तर सुरक्षेला हानी होते असं गृहीतच धरलेलं आहे. म्हणजे वाटाघाटींना बसताना सगळ्या देशांनी ‘एकमेकांचे कागद बाहेर द्यायचे नाहीत’ असं ठरवलं, की सुरक्षेचं कारण आपोआप तयार!

हा शिक्का किती पातळ असतो ते टीपीपी, म्हणजे ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप या पॅसिफिक काठच्या देशांच्या व्यापार कराराच्या फुटलेल्या मसुद्यांच्या पहिल्या पानावर दिसतं. वर ‘कॉन्फिडेन्शियल’. करार लागू झाल्यावर चार वर्षांनी खुला. झालाच नाही, तर वाटाघाटी संपल्यावर चार वर्षांनी. आणि तिथेच सवलत : साध्या ईमेलने किंवा फॅक्सने पाठवायला हरकत नाही, फक्त कुलूपबंद खोलीत वा कपाटात ठेवा. अमेरिकी खासदारांना मात्र तोच मसुदा बंदिस्त खोलीत जाऊन वाचावा लागत होता.

प्रश्न : अशा कागदांसाठी अमेरिकेच्या माहिती कायद्याखाली अर्ज करायचा तर कसा? परदेशी माणसाला करता येतो का?

उत्तर : येतो. १९६६ च्या या कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत, नागरिकत्वाची अट नाही. बहुतेक अर्ज पडतात ते ‘या कराराचे सर्व कागद’ अशा मागणीमुळे. उत्तराची मुदत २० कामकाजी दिवसांची असली, तरी एवढा मोठा ढीग चाळायचा म्हटल्यावर अर्ज रखडतो तो रखडतोच. कागदाचा प्रकार, तारखांची चौकट आणि कोणाकोणातला पत्रव्यवहार हे नेमकं लिहा. शुल्क किती देणार याची कमाल मर्यादाही टाका. सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पानं फुकट असतात.

मसुदाच मागितलात तर कायद्यातला अपवाद क्रमांक एक (गोपनीय ठरवलेली माहिती) पुढे केला जाईल हे धरून चाला. आजूबाजूचे कागद मागा : बैठकांची विषयपत्रिका, हजेरी, मसुदा कोणाला दाखवला त्यांची नावं. ‘ॲक्टा’त हेच फळलं. मसुदा मिळाला नाही, पण गुप्ततेच्या करारावर सही करून तो पाहिलेल्या ४२ जणांची यादी २००९ मध्येच माहिती अर्जातून बाहेर आली. त्यात बड्या कंपन्यांची माणसं होती. जनतेपासून लपवलेला कागद कोणाला दाखवला हे कळणं, आमच्या मते, मसुद्याच्या एखाद्या कलमापेक्षा मोलाचं.

नकार आला तर अपिलाला किमान ९० दिवस मिळतात. अपिलात दोन मुद्दे घालाच. पहिला, गुप्त भाग वगळून उरलेली पानं द्या; वेगळा काढता येण्याजोगा भाग देणं कायद्याने बंधनकारक आहे. दुसरा, अंतर्गत चर्चेचा अपवाद (क्रमांक पाच) लावला असेल, तर नेमकी कोणती हानी होईल ते सांगा; २०१६ च्या दुरुस्तीने ते सांगणं सरकारी कार्यालयाला भाग आहे. पुढे कोर्टात गेलात तर ‘वॉन इंडेक्स’ मागा : रोखलेला प्रत्येक कागद आणि तो रोखण्याचं कारण यांची यादी.

कोर्टाकडून फार आशा मात्र नको. ३४ देशांचा अमेरिका खंड मुक्त व्यापार करार कधीच बारगळला होता. त्यातल्या ‘समान परिस्थितीत’ या शब्दप्रयोगाचा अमेरिका काय अर्थ लावते, एवढं सांगणारा एक कागद मागण्यात आला होता. खालच्या कोर्टाने तो द्यायला सांगितलं. जून २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. अर्थ उघड झाला तर पुढच्या वाटाघाटींत हात बांधले जातील, हा सरकारचा युक्तिवाद न्यायाधीशांना पुरेसा वाटला. सरकारचं म्हणणं तर्कसंगत आहे का, इतकंच कोर्ट तपासतं.

प्रश्न : सही होण्याआधी तरी मजकूर लोकांना दिसतो का?

उत्तर : २०१५ च्या अमेरिकी कायद्यात सहीच्या किमान ६० दिवस आधी तो प्रसिद्ध करण्याची अट होती. टीपीपीचा मजकूर ५ नोव्हेंबर २०१५ ला आला, सही ४ फेब्रुवारी २०१६ ला झाली. पण तेव्हा वाटाघाटी उरकलेल्या होत्या. स्वल्पविरामही हलवता येत नव्हता. उरतं ते होय किंवा नाही म्हणणं. ‘ॲक्टा’ला युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी ४७८ विरुद्ध ३९ मतांनी नाही म्हटलं.