समस्थानिकांचे मापन की मोजणी?

प्रश्न असा आहे : अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे एएमएस, या आयनांना (विद्युतभारित अणूंना) वेग देऊन वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणाऱ्या तंत्रावरच्या एका मराठी लेखाचे शीर्षक ‘दुर्मीळ, दीर्घायुषी समस्थानिकांचे मापन’ असे आहे. (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू.) मजकुरात मात्र ‘अणू मोजले’, ‘मोजणी झाली’ असे येते. यातले नेमके कोणते बरोबर?

दोन्ही बरोबर, पण एकमेकांच्या जागी वापरता येणार नाहीत. या यंत्रात मापनही होते आणि मोजणीही, आणि दोन्ही वेगवेगळ्या अणूंची होते.

‘मोजणे’ हे आपले फार रुंद क्रियापद आहे. जमिनीची मोजणी होते आणि मतांचीही. पहिलीला साखळी किंवा टेप लागते, दुसरीला नुसते एक-दोन-तीन. हिंदीत ‘नापना’ वेगळे आणि ‘गिनना’ वेगळे. मराठीत दोन्हींसाठी ‘मोजणे’ चालते. ‘मापन’ मात्र एकाच बाजूचे. तापमान, पाऊस, लांबी यांचे मापन होते, मतांचे मापन कोणी करत नाही. म्हणून जिथे एकेक अणू टिपला जातो तिथे ‘मापन’ लिहिले की अर्थ सैल पडतो.

आता यंत्राकडे. उदाहरण कार्बन-१४चे घेऊ, कारण ते सर्वांत ओळखीचे. सजीवांतल्या कार्बनमध्ये साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक अणू कार्बन-१४चा असतो. नमुन्याचे ग्राफाइट करून त्यावर सीझियमच्या आयनांचा मारा करतात, म्हणजे कार्बनचे ऋण आयन उडतात. इथेच या तंत्राची खरी किमया आहे. कार्बन-१४च्याच वस्तुमानाचा नायट्रोजन-१४ हवेत अफाट आहे, आणि तो मिसळला तर सगळा हिशेब बुडेल. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे हा प्रतिस्पर्धी पहिल्याच दाराशी गळतो. उरतात ते १४ वस्तुमानाचे रेणू, जसे एक कार्बन-१२ आणि दोन हायड्रोजन. ऋण आयन धन विद्युतभाराच्या टोकाकडे वेगाने खेचले जातात. तिथे विरळ वायूतून किंवा अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात आणि रेणू फुटतात. धन झालेले आयन मग त्याच टोकापासून दूर ढकलले जातात, म्हणजे एकाच विद्युतदाबाचा लाभ दोनदा मिळतो. पुढे चुंबक वस्तुमानाप्रमाणे त्यांच्या वाटा वेगळ्या करतो. १९७७ साली अमेरिकेत रोचेस्टर आणि कॅनडात मॅकमास्टर इथल्या यंत्रांवर हे करून दाखवले गेले.

शेवटी काय होते ते शब्दांच्या दृष्टीने महत्त्वाचे. कार्बन-१२चे आयन इतके असतात की ते एकेक टिपणे शक्यच नाही. ते फॅराडे कपमध्ये, म्हणजे आयन गोळा करणाऱ्या धातूच्या पेल्यात, पडतात आणि त्यांचा विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये वाचतात. हे मापन. कार्बन-१४चे अणू शोधकावर एकेक करून आदळतात, ताज्या नमुन्यातून सेकंदाला शंभर-दोनशेच्या आसपास, आणि प्रत्येकाची नोंद होते. ही मोजणी. दोन्हींवरून गुणोत्तर काढतात. एकूण प्रक्रियेला ‘मापन’ म्हणायला म्हणून माझी हरकत नाही, शीर्षक चालेल. पण ‘कार्बन-१४चे मापन केले’ यापेक्षा ‘कार्बन-१४चे अणू मोजले’ हे अधिक खरे आहे.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि लेखकांनी तो जपावा असे मला मनापासून वाटते. ‘मोजले’ म्हणताना काय मोजले ते लिहिलेच पाहिजे. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत कार्बन कालमापन उभे केले, तेव्हा मोजले जात ते क्षय, म्हणजे किरणोत्सर्गी अणू आपोआप दुसऱ्या अणूत बदलण्याच्या घटना. नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननांतल्या नमुन्यांच्या तारखा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढल्या गेल्या, त्याही क्षय मोजूनच. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४चे सुमारे ६ कोटी अणू असतात, पण तासाभरात क्षय पावतो जेमतेम एखादा. क्षयाची वाट पाहायची तर ग्रॅमभर कार्बन आणि बराच वेळ हवा. एएमएस वाट पाहत नाही, जे अणू अजून शाबूत आहेत तेच मोजते. म्हणून येशूचे मानल्या जाणाऱ्या ट्यूरिनच्या कफनवस्त्राचे १९८८मध्ये टपाल तिकिटाएवढे तुकडे तीन प्रयोगशाळांना पुरले.

समस्थानिक जितके दीर्घायुषी तितका हा फरक मोठा. बेरिलियम-१०चे अर्धायुष्य सुमारे १३.९ लाख वर्षे. त्याचे दहा लाख अणू हाती असले तरी दोन वर्षांत सरासरी एकाचा क्षय होणार. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली ती बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ यांचे अणू एएमएसने मोजून. क्षय मोजून ते होण्यासारखे नव्हते.

जाता जाता, शीर्षकातल्या ‘दुर्मीळ’बद्दल. दुर्मीळ म्हणजे मिळायला कठीण. कार्बन-१४ तर प्रत्येक भाकरीत आहे, आपल्या शरीरात त्याचे सुमारे दहा कोटी कोटी, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके अणू आहेत. तो मिळत नाही असे नाही, तो इतरांत फार पांगलेला आहे. त्याला ‘विरळ’ म्हणावे. ‘मोजके’ हा आपला शब्दही इथे मोहात पाडतो, कारण मोजता येतील इतके थोडे असाच त्याचा अर्थ. पण कोट्यवधींना मोजके म्हणता येणार नाही. अत्यंत जुन्या नमुन्यात, पन्नास हजार वर्षांच्या जवळ गेल्यावर, शोधकावर खरोखर थोडेच अणू येतात. तिथे ‘मोजके अणू’ खुशाल लिहावे.