शेल्फ काय सांगतंय ते बघ

प्रिय पोरी,

नोकरी लागल्याचं कळलं, बरं वाटलं. ‘एवढ्या मोठ्या दुकानात दिवसभर करायचं काय असतं?’ असं विचारलं होतंस. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी पायांचं बोलते, कारण पहिल्या आठवड्यात बाकी काही डोक्यात शिरणारच नाही. शिफ्ट आठ-नऊ तासांची, फरशी कडक आणि बसायला मिळतं ते फक्त जेवणाच्या सुट्टीत. बूट अर्धा नंबर मोठे घे आणि संध्याकाळी जाऊन घे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. काउंटरवर उभी असशील तेव्हा वजन सारखं या पायावरून त्या पायावर टाकत राहा. एका जागी खिळून उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त दमवतं.

आता काम. साखळी दुकानात कुठली वस्तू कुठे ठेवायची हे तिथला कोणीच ठरवत नाही. वरून नकाशा येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. कुठल्या फळीवर काय, किती रांगा, किती खोल, सगळं आखलेलं असतं. नजरेच्या टप्प्यातली फळी सगळ्यात मोलाची, तिच्यासाठी कंपन्या पैसेही मोजतात. तुला दिसेल की एखादी वस्तू चुकीच्या जागी आहे, लोक येऊन विचारतात आणि न घेता जातात. तरी आपल्या मनाने हलवू नकोस. मी हलवायचे, दोनदा बोलणी खाल्ली. लिहून ठेव आणि सुपरवायझरला दाखव. दहातल्या एखाद्या वेळेला ऐकतात.

जुन्या काळी गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि दुकानातला माणूस सामान काढून आणायचा. 1916 साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्याच हातात टोपली दिली, घे तुझं तूच. तेव्हापासून आपल्याकडे उरलं ते फळ्या भरणं आणि पैसे घेणं. फळी भरलेली असली तर तू कोणाला दिसत नाहीस. रिकामी असली की सगळ्यांना तूच दिसतेस.

म्हणून फळी रिकामी का होते, ते नीट समजून घे. माल संपला, एवढंच कारण नसतं. बऱ्याचदा माल कॉम्प्युटरमध्ये शिल्लक असतो, दुकानात नसतो.

माझीच गोष्ट सांगते. मी बिलिंगला होते. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे चार साबण यायचे: गुलाब, लिंबू, लव्हेंडर, मोगरा. लोक चारही वास एकेक घ्यायचे. रांग लांब, वर घड्याळ. मी वरचा लिंबाचा स्कॅन करायचे, चार आकडा दाबायचे, झालं. बिल बरोबर, गिऱ्हाईक खूश, माझा वेग बघून मॅनेजरही खूश. तिकडे कॉम्प्युटरने काय लिहून ठेवलं? चार लिंबू गेले, बाकीचे तीन वास जागच्या जागी. असं महिनोन्‌महिने चाललं. लिंबाचे खोके येऊन पडायला लागले, ठेवायला जागा नाही. आणि लव्हेंडरची फळी कोरडी, कारण कॉम्प्युटरच्या हिशेबात लव्हेंडर अजून बारा शिल्लक. बारा आहेत म्हणजे मागवायची गरज नाही. फळीवर नाही म्हणून विकला जात नाही, विकला जात नाही म्हणून मागवला जात नाही. पुढे वरच्या ऑफिसने कागद बघितला आणि ठरवलं, या वासाला इथे मागणी नाही, बंद करा. लोक रोज विचारत होते, पोरी. विचारणं कुठल्याच कागदावर येत नाही.

स्टॉक मोजायच्या रात्री हे बाहेर आलं. मॅनेजरने चोरी धरली आणि फ्लोअरवरच्या एका मुलावर संशय घेतला. माझं बोट होतं हे मला त्याच रात्री उमगलं. सांगायला मात्र दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस त्या मुलाने कसे काढले असतील हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा चार वास असतील तर चार वेळा स्कॅन कर. रांग थांबेल, थांबू दे. फुटलेली बाटली, उंदराने कुरतडलेलं पाकीट नुसतं कचऱ्यात टाकू नकोस, आधी नोंद कर. ट्रक उतरवताना चलनावर बारा खोकी लिहिली असतील तर बारा मोजूनच सही कर. ड्रायव्हरला नेहमीच घाई असते.

1974 साली 26 जूनला ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात च्युइंगगमचं एक पाकीट बारकोडवरून पहिल्यांदा विकलं गेलं. तेव्हापासून यंत्राला सगळं कळतं असा समज झाला आहे. यंत्राला आपण सांगू तेवढंच कळतं.

बारकोडवरून आठवलं. कधी कधी तो चुरगळलेला असतो आणि तेरा आकडे हाताने टाकावे लागतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र लगेच अडवतं. पण शेजारचे दोन आकडे उलटे पडले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला, म्हणजे 27 चे 72 झाले, तर ही तपासणी चूक पकडत नाही. पडद्यावर आलेलं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

कॅशचं थोडक्यात. गल्ला हातात घेताना स्वतः मोज, मग सही. पाणी प्यायला गेलीस तरी स्क्रीन बंद कर. आपला पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही देऊ नकोस. रात्री कॅश कमी भरली तर खिशातून घालून जुळवू नकोस, जेवढी आहे तेवढीच लिही. एकदा घातलेस की दर वेळी तुझ्याच खिशाकडे बघतील. चोर दिसला तर मागे धावू नकोस. तुझा पगार त्यासाठी नाही.

गिऱ्हाइकं ओरडतात. सगळ्यात जास्त ओरडतात ते लेबलावरून. ऑफर काल रात्री संपलेली असते, लेबल मात्र फळीवर तसंच. अशा वेळी माझं मत विचारशील तर गिऱ्हाईक बरोबर असतं. त्याने वाचलं ते आपणच लिहिलेलं. वाद घालू नकोस, सुपरवायझरला बोलाव, आणि मोकळी झालीस की ते लेबल स्वतःच्या हाताने काढ, नाहीतर अर्ध्या तासात दुसरा येईल. ‘आत बघून या ना’ हे दिवसातून वीसदा ऐकशील. आत काही खजिना नसतो, माल बहुतेक ट्रकमधून थेट फळीवरच जातो. तरी जाऊन बघ. (मी आत जाऊन नुसती मिनिटभर भिंतीला टेकून यायचे. तू तसं करू नकोस, पण केलंस तर मी समजून घेईन.)

शिफ्टचं मात्र घट्ट धर. विक्रीच्या अंदाजावरून माणसांचे तास ठरतात, अंदाज खाली आला की तास कापले जातात आणि उरलेल्यांवर दुप्पट काम येतं. रात्री दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी पहाटे उघडायला तूच, असं रोस्टरमध्ये दिसलं तर पहिल्याच महिन्यात नम्रपणे नाही म्हण. एकदा हो म्हटलेलं कायमचं होतं. सगळ्या जगाला सुट्टी असते तेव्हा तुला काम असणार, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. मॅनेजरवर चिडशील, चिड, पण त्यालाही वरून रोज आकडा येतो आणि तो आकडा त्याने ठरवलेला नसतो.

पहिल्या महिन्यात एक काम कर. शिफ्ट संपल्यावर नको, कामाच्याच वेळात, परवानगी काढून. आपल्या रांगेतल्या दहा वस्तू निवड, शक्यतो सावकाश विकल्या जाणाऱ्या. फळीवर किती आहेत ते मोज, मग कॉम्प्युटर किती म्हणतो ते बघ. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून मला पाठव. दहापैकी किती जुळतात ते बघायचंय मला.

तुझी,
मावशी

ता. क. मोजे सुती घे.