फॅटका-सीआरएस विवरणासाठी नागरी सहकारी बँकेने वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे का?

आपल्या बँकेत अनिवासी भारतीयांची काही एनआरई व एनआरओ खाती आहेत, दरवर्षी ३१ मेपूर्वी फॉर्म ६१बी, म्हणजे परदेशांत करदाते असलेल्या खातेदारांची माहिती आयकर विभागाला कळवणारे फॅटका-सीआरएस विवरण, भरताना धावपळ होते आणि एका विक्रेत्याने त्यासाठी सॉफ्टवेअर सुचवले आहे. ते घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. मी बँकांच्या अनुपालन विभागात हेच काम करते, म्हणून स्पष्ट सांगते. केवळ विवरणाची एक्सएमएल फाईल (ते ज्या संगणकीय स्वरूपात सादर होते ती) तयार करून मिळावी एवढाच हेतू असेल, तर घेऊ नका, कारण ती सोय आयकर विभागच विनामूल्य देतो. कळवण्याजोगी खाती नेमकी शोधण्याचे आणि त्यांची माहिती तपासण्याचे काम ते सॉफ्टवेअर करणार असेल, तरच पैसे मोजावेत.

खरी अडचण तिथेच आहे. फॅटका हा अमेरिकी करदात्यांची परदेशांतली खाती कळवायला लावणारा अमेरिकेचा कायदा; त्यासंबंधीचा करार भारताने अमेरिकेशी ९ जुलै २०१५ रोजी केला आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या सीआरएस व्यवस्थेतही, म्हणजे देशांनी एकमेकांना खात्यांची माहिती देण्याच्या व्यवस्थेतही, आपण त्याच वर्षी सामील झालो. फॉर्म एकच असला तरी कसोट्या दोन आहेत. सीआरएस खातेदाराचे कर-निवासस्थान पाहते, फॅटका मात्र अमेरिकी नागरिकत्वही पाहतो. त्यामुळे आईवडील अमेरिकेत असताना तिथे जन्मलेला, पुढे पुण्यात वाढलेला आणि केवायसीत सगळीकडे पुण्याचाच पत्ता असलेला तरुण साध्या बचत खात्यामुळेही या कक्षेत येऊ शकतो. केवळ एनआरई-एनआरओ खात्यांची यादी काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कधीच सापडणार नाही. जन्मस्थानाचा रकाना आणि स्वयंघोषणापत्र ताडून पाहणाऱ्याला सापडेल.

दुसरी गोष्ट पत्त्याची. कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीत, कोणी देशाच्या रकान्यात ‘सीए’ असे लिहून ठेवलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात कॅलिफोर्निया असते, पण देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत ‘सीए’ म्हणजे कॅनडा, तसेच ‘डीई’ म्हणजे डेलावेअर नव्हे, जर्मनी. फाईल तांत्रिक तपासणीत निर्धोक ठरते आणि खातेदाराची शिल्लक व व्याज भलत्याच देशाच्या कर खात्याकडे जाते. माणसाची आर्थिक माहिती अशी परक्या देशात जाणे मला दंडापेक्षाही गंभीर वाटते.

शिलकीची बेरीज हाही कळीचा मुद्दा आहे. ३० जून २०१४ रोजी अस्तित्वात असलेल्या वैयक्तिक खात्यांना फॅटकात ५०,००० डॉलरपर्यंत सूट आहे, सीआरएसमध्ये वैयक्तिक खात्यांना तशी सूट नाही. ही मर्यादा पाहताना प्रणालीत एकाच ग्राहक क्रमांकाखाली जोडलेली सर्व शाखांमधली खाती एकत्र धरावी लागतात. एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असतील, तर बेरीज चुकलीच म्हणून समजा. संयुक्त खात्यात प्रत्येक खातेदाराच्या नावे पूर्ण शिल्लक धरली जाते, अर्धी नव्हे.

विक्रेत्याला आणखी एक विचारा: आधी पाठवलेल्या नोंदीत दुरुस्ती करायची झाल्यास मूळ नोंदीचा संदर्भ क्रमांक त्यांची प्रणाली वर्षानुवर्षे जपून ठेवते का? तो हरवला, तर दुरुस्ती मूळ नोंदीशी जोडता येत नाही.

प्रात्यक्षिक त्यांच्या नमुना माहितीवर पाहू नका. आपलीच गेल्या वर्षीची माहिती, नावे व खाते क्रमांक झाकून, त्यांना चालवायला द्या आणि आपण भरलेल्या फॉर्मशी निकाल पडताळा. त्यांनी एकही नवे संशयित खाते दाखवले नाही, तर खरेदी पुढे ढकलून आधी ग्राहक नोंदींच्या साफसफाईला माणूस नेमा.