लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ट्रान्सप्लांटच्या आधी टेस कशाला? वाचकांचे प्रश्न

जालना : वडलांना सिरोसिस आहे, त्यात ४ सेंमीची एकच गाठ निघाली. ट्रान्सप्लांट करायचंच आहे तर आधी टेस (TACE, नळीतून गाठीतच केमो सोडून तिचं रक्त बंद करणं) कशाला, डबल खर्च?

खर्चाचं तुमचं बरोबरंय, पण गाठ काही तुमचा नंबर लागेपर्यंत थांबत नसती. ट्रान्सप्लांट कुणाला करायचं याला १९९६ पासून मिलानचा नियम चालतो : एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी अन् प्रत्येक ३ सेंमीपर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नको, लिव्हरच्या बाहेर गेलेली नको. वडील आज यात बसतात, वाट बघताना गाठ वाढली की बाहेर, म्हणून तोवर टेसनं तिला रोखून धरायचं. टेसमध्ये जांघेतून बारीक नळी लिव्हरच्या धमनीत नेतात, गाठीला रक्त देणाऱ्या फांदीतच केमो सोडतात अन् ती फांदी बंद करतात. गाठ जवळपास सगळं रक्त धमनीतूनच ओढती, बाकीच्या लिव्हरला पोर्टल व्हेनचा (आतड्याकडून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेचा) आधार असतो, म्हणून हे जमतंय. नंतर दोन-चार दिवस ताप, पोटात दुखणं, मळमळ होतीच. घरातलाच डोनर तयार असेल अन् ऑपरेशन थोड्या आठवड्यांवर असेल तर टेसशिवायही जाता येतं, तसं टीमला सरळ विचारा. अन् काविळ वाढलेली असेल, पोटात पाणी भरत असेल तर टेसनं लिव्हर अजून खराब होऊ शकतं.

परभणी : टेसनंतरच्या सीटीत आईची गाठ तेवढीच दिसते. फेल गेलं का?

हा प्रश्न लई जण विचारतात. नुसती साईज बघू नका हो! डाय सोडून काढलेल्या फिल्मवर गाठ आधी पांढरी चमकत होती, आता तीच जागा काळी दिसत असेल तर आतला भाग मेलाय, साईज भले तेवढीच असो. कडेला चमकणारा तुकडा उरला असेल तर तिथं परत टेस किंवा सुईनं जाळायचं बघतात. सोबत एएफपी बघायचं, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रोटीन. अमेरिकेत तर एएफपी १००० च्या वर असेल तर ते ५०० च्या खाली आल्याशिवाय ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टमध्ये पुढं जायचे एक्स्ट्रा पॉइंटच देत नाहीत. माझ्या मते आधीच्या ट्रीटमेंटचा खरा फायदा हाच, गाठ कोणत्या स्वभावाची आहे ते कळतं. ट्रीटमेंट चालू असतानाही जी वाढत राहती ती नव्या लिव्हरमध्येही परत यायची भीती जास्त, अन् काढलेल्या लिव्हरमध्ये गाठ पूर्ण मेलेली निघाली तर ती भीती बरीच कमी.

लातूर : मामांची गाठ ७ सेंमी, "बसत नाही" म्हणून परत पाठवलं.

आज बसत नाही म्हणजे कधीच नाही असं नसतंय. आधी गाठ आटवायची, मग काही महिने ती तशीच राहते का बघायचं, याला डाउनस्टेजिंग म्हणतात. इटलीतल्या २०२० च्या ट्रायलमध्ये अशी गाठ आटलेल्या ४५ पेशंटपैकी ट्रान्सप्लांटवाले पाच वर्षांनी ७७ टक्के जिवंत होते, बाकीचे ३१. पेशंट कमी होते अन् ट्रीटमेंटला दाद देणारेच निवडलेले होते, हे लक्षात ठेवा. मामांच्या पोर्टल व्हेनमध्ये गाठ शिरलीय का, ते पहिलं विचारा.

नांदेड : भावाला इम्युनोथेरपी चालूये. वहिनी लिव्हर द्यायला तयार आहेत, लगेच करायचं का?

लगेच नको. ही औषधं इम्युनिटीचा ब्रेक काढतात, अन् तीच इम्युनिटी नवं लिव्हर रिजेक्ट करू शकती. म्हणून शेवटच्या डोसनंतर काही आठवडे ते महिने गॅप ठेवतात. डोसच्या तारखांची फाइल ट्रान्सप्लांट टीमला द्या, अन् गावातून काविळीची जडीबुटी आणली असेल तर तीही पुडीसकट दाखवा.