वाचक विचारतात : जुना ड्रम सेट अस्सल आहे का, आणि त्याचं मोल किती?

प्रश्न : लुडविग या अमेरिकी कंपनीचा चार ड्रमचा सेट विकत घेण्याचा विचार आहे. २२ इंची बेस ड्रम, १३ आणि १६ इंची टॉम, शिवाय स्नेअर (खाली तारा असलेला, खरखरीत आवाजाचा ड्रम). चारही ड्रमवर कीस्टोन बॅज (कंपनीच्या नावाची धातूची पट्टी) आहेत, पण सिरियल नंबर एकमेकांच्या जवळपासही नाहीत. विक्रेता म्हणतो, सेट १९६५चा आहे. नंबर जुळत नाहीत म्हणजे वेगवेगळे ड्रम गोळा करून सेट बनवला आहे का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. कारखान्यात बॅज खोक्यातून हाताला येईल तसे काढून बसवले जात. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच गिऱ्हाइकासाठी बांधलेल्या सेटमध्येही नंबरांत हजारोंचं अंतर असू शकतं. उलट चारही नंबर ओळीने लागलेले दिसले तर आम्ही जास्त बारकाईने बघू. नंबरावरून सालाचा ढोबळ अंदाज येतो, एवढाच त्याचा उपयोग. लुडविगच्या बॅजवर सिरियल नंबर १९६३-६४च्या सुमारास आले आणि कीस्टोन बॅजच्या जागी निळा-ऑलिव्ह बॅज १९६९च्या सुमारास आला. नंबर असलेला कीस्टोन बॅज १९६५च्या दाव्याशी जुळतो, पण त्याने दावा सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा हेड (वरचा ताणलेला पडदा) काढा आणि शेलच्या, म्हणजे ड्रमच्या नळकांड्याच्या, आत बघा. त्या काळातल्या बऱ्याच लुडविग शेलांत आतल्या बाजूला लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो. चारही शिक्के काही महिन्यांच्या आत असतील तर सेट एकत्रच जन्मला असण्याची शक्यता मोठी. शिक्का नसला म्हणून ड्रम खोटा ठरत नाही, कधी मारायचा राहून जाई, कधी पुसला जाई. आतला रंगही साल सांगतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला साधा पांढरा, मग राखाडी ठिपक्यांचा आणि दशकाच्या अखेरीस पारदर्शक लॅकर. एकाच सेटमध्ये पांढरा आणि पारदर्शक असे दोन्ही दिसले तर ते वेगवेगळ्या काळातले ड्रम आहेत. शेल तीन प्लायचं (लाकडाच्या पातळ थरांचं) आणि दोन्ही कडांना आतून मजबुतीची रिंग असलेलं हवं. रिंग नसलेली सहा प्लायची शेलं सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची.

भोकांकडे आवर्जून बघा. आतल्या बाजूला भोकाच्या काठावर कच्चं लाकूड दिसलं तर उत्तम, कारण कारखान्यात रंग आधी आणि भोकं नंतर. भोकाच्या आत रंग उतरलेला दिसला तर शेल आतून पुन्हा रंगवलं आहे. आणि कोणी पुन्हा रंगवतो, तेव्हा बहुधा काहीतरी झाकायचं असतं: बुजवलेलं भोक, नाहीतर सुटलेली प्लाय. टॉर्च तिरकी धरा. बुजवलेल्या भोकाच्या जागी चकाकी वेगळी पडते. बेस ड्रमवर दुसऱ्या टॉमसाठी नंतर पाडलेली भोकं ही सर्वांत नेहमीची खोड. आवाजाला त्याने फारसं बिघडत नाही, किमतीला मात्र बिघडतं.

प्रश्न : बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण मूळचं आहे की नंतर चढवलेलं, हे काही न उचकटता कसं ओळखायचं?

उत्तर : पूर्ण उचकटावं लागत नाही, पण एक लग (हेड ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा तुकडा) सोडवावा लागतो. हेड काढलेलं असताना आतून स्क्रू सैल करा आणि लग उचला. खालचा भाग बाकीच्यापेक्षा ताजा, कमी पिवळट दिसायला हवा, कारण तिथे उजेड पोचलेला नाही. पांढऱ्या मोतिया रंगात हा फरक स्पष्ट कळतो. सगळीकडे एकसारखा रंग असेल तर शंका घ्या. आवरणातलं भोक लाकडातल्या भोकाशी बरोबर जुळतं का तेही बघा, कारण मूळ आवरण लाकडाबरोबरच छेदलेलं असतं. नंतर चिकटवलेलं आवरण अनेकदा आतून हाताने कापलेलं, काठाशी फाटकं असतं.

आता बॅज. तो एका पोकळ रिव्हेटने बसवलेला असतो आणि तेच हवा जाण्याचं भोक. आवरण बदलायचं तर रिव्हेट काढावाच लागतो, आणि तो उलगडला की पुन्हा पूर्वीसारखा दुमडत नाही. आतून त्याची कड तुटकी, ठोकलेली किंवा संशयास्पद नवी-कोरी दिसली तर बॅज निघालेला आहे. बेस ड्रमच्या हूपमधल्या (हेड धरून ठेवणाऱ्या कड्यातल्या) रंगीत पट्ट्या ड्रमइतक्याच विटलेल्या हव्यात.

काळ्या ऑयस्टरसारख्या लोकप्रिय रंगात जास्त सावध राहा. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारने १९६३पासून हाच रंग वाजवला, त्यामुळे मागणी मोठी आणि त्याच्या नव्या प्रतीही मिळतात. आवरण बदललेला सेट वाजवायला छान असतो, त्यात शंका नाही. पण त्याची किंमत मूळ आवरणाच्या सेटशी लावू नका.

जुनी आवरणं काढून टाकायची असतील तर हीट गन हातात घेऊ नका. त्यातली काही सेल्युलोज नायट्रेटची असतात आणि भडकन पेटतात.

प्रश्न : बेअरिंग एज (शेलच्या ज्या कडांवर हेड टेकतं त्या) नव्याने कापून घेतल्या तर मोल वाढेल का?

उत्तर : संग्राहकाच्या नजरेत घटेल. जुन्या शेलांच्या कडा गोलसर असत, ४५ अंशांच्या धारदार कडेने सूर लख्ख होतो आणि तो जुना मऊपणा जातो. आधी कड खरंच बिघडली आहे का ते तपासा. सपाट काचेवर शेल उलटं ठेवा, आत दिवा लावा आणि खोलीत अंधार करा. प्रकाश कुठे झिरपतो ते दिसेल. मग चार दिशांनी व्यास मोजा. तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शेल वाकडं आहे, आणि कड कापून ते गोल होणार नाही. हेड नुसतं ठेवून फिरवून पाहा, ते मोकळं फिरायला हवं. प्लॅस्टिकची हेड १९५७च्या सुमारास बाजारात आली. त्याआधीची शेलं कातड्याच्या हेडसाठी बनलेली, म्हणून काहींवर आजची हेड घट्ट बसतात. तो दोष नाही.

प्रश्न : लुडविगचा सुप्राफोनिक स्नेअर पितळी आहे, असं सांगून जास्त पैसे मागितले आहेत.

उत्तर : चुंबकाने उत्तर मिळणार नाही, पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्हींना तो चिकटत नाही. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे काही क्रोमखाली पितळी असत, पुढचे बहुतेक ॲल्युमिनियमचे. पितळी ड्रम हातात घेताच जड लागतो आणि भोकांच्या कडेला पिवळी धातू दिसते. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, म्हणून त्यावर बारीक खड्डे आणि फुगे येतात. असे फुगे सगळीकडे असतील तर पितळेचा दावा सोडून द्या.

किमतीसाठी विक्रेते मागतात ते आकडे धरू नका, प्रत्यक्ष विकलेल्या सेटचे भाव शोधा, आणि तेही त्याच मापांचे, त्याच रंगाचे. २०-१२-१४चा (बेस ड्रम आणि दोन टॉमची इंचातली मापं) सेट २२-१३-१६पेक्षा कमी आढळतो आणि जास्त मागतो. त्यातून हरवलेले लग, बदललेले हूप आणि नंतरची भोकं यांचा खर्च वजा करा.