शाळेची पारख वहीवरून

वाचकांचे प्रश्न. उत्तरे : बडोद्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

प्रश्न : आम्ही बडोद्यात वाडी भागात राहतो. यजमान मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. आतापर्यंत ती एका खाजगी इंग्रजी शाळेच्या बालवर्गात होती, पण तिथली फी आणि रिक्षाचे भाडे आता झेपत नाही. घरापासून पाच मिनिटांवर नगर प्राथमिक शिक्षण समितीची शाळा आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या घरातले सगळे तिथेच शिकले. शेजारीण म्हणते, तिथे काही शिकवत नाहीत. इमारत तर नुकतीच रंगवलेली दिसते. शाळा चांगली आहे की नाही हे ठरवण्यासाठी आत जाऊन काय पाहावे आणि कोणाला काय विचारावे? (एक आई, वाडी)

उत्तर : तुमच्या सासूबाई चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळेबद्दल बोलत आहेत आणि शेजारीणबाई बहुधा कधीच न पाहिलेल्या शाळेबद्दल. दोघींचा मान राखून दोघींची मते बाजूला ठेवा आणि स्वतः जाऊन या. मात्र जून महिन्याची वाट पाहू नका. प्रवेशोत्सवाच्या दिवसांत तोरणे, फुगे, पाहुणे, भाषणे अशी धामधूम असते, आणि लग्नघरी जेवून त्या घरची रोजची भाजी कशी असते ते कळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार उत्तम. मुख्याध्यापकांना आधी सांगून, मधल्या सुट्टीच्या अर्धा-पाऊण तास अगोदर पोहोचा, म्हणजे वर्गही पाहता येईल आणि जेवणही. आणि हो, १ जूनला मुलीची सहा वर्षे पूर्ण होत आहेत ना, ते जन्मदाखल्यावर पाहून घ्या. एक दिवस कमी पडला तरी गुजरातेत आता पहिलीत नव्हे, तिच्या आधीच्या बालवाटिका वर्गात नाव घालतात.

मला कोणी एकच गोष्ट पाहायला सांगितली, तर मी तिसरीच्या वर्गातल्या वह्या पाहीन. कपाटातून काढून दाखवतात त्या नव्हेत, मागच्या रांगेतल्या मुलाच्या दप्तरातली वही. तिची शेवटची दहा पाने उलटा. दोन तारखांमध्ये किती दिवसांची फट आहे? लाल शाईची खूण नुसती ओढलेली आहे की कोणी वाचून केलेली आहे? एकदा एका शाळेत मी गायीवरच्या निबंधाच्या वीसेक वह्या ओळीने पाहिल्या. प्रत्येकीत वाक्ये तीच, क्रम तोच, आणि ‘उपयोगी’ हा शब्द प्रत्येकीत ‘उपोयगी’ असा लिहिलेला. चूक मुलांची नव्हती, फळ्यावरची होती. मुलांनी ती इमानाने उतरवली होती आणि बाईंनी तितक्याच इमानाने प्रत्येक पानावर ‘बरोबर’ची खूण केली होती. त्या वर्गात अक्षर सुरेख होते, शिस्त होती, भिंतीवर तक्ते होते, फक्त शिकणे चालू नव्हते.

याउलट दुसऱ्या एका शाळेत, जिच्या व्हरांड्यात पावसाचे पाणी गळून भिंतीला ओल धरली होती, एका मुलीच्या गणिताच्या वहीत अठ्ठेचाळीस आणि सदतीस यांची बेरीज ७१५ अशी लिहिलेली मला दिसली. बाईंनी त्यावर फुली मारली नव्हती. शेजारी दशक आणि एकक असे दोन रकाने आखून त्यांनी खाली लिहिले होते, “पंधरा एककांचे काय करायचे?” त्याखाली मुलीच्या हाताने एकदा खोडून, मग नीट, ८५ लिहिलेले होते. माझी नात असती तर ओल धरलेल्या भिंतीसकट ती शाळा मी पत्करली असती.

वह्यांनंतर वाचन. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ योजनेत असे ठरवले आहे की तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून, वाचावेत आणि त्याला ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. तुम्हाला घड्याळ लावून बसण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र वाचायला देऊ नका, कारण तो पुष्कळदा तोंडपाठ असतो, घरून एखादे गोष्टीचे पातळ पुस्तक न्या, शिक्षिकेच्या परवानगीने एखाद्या मुलाला “मला ही गोष्ट वाचून दाखवतोस का?” असे विचारा, आणि वाचून झाल्यावर गोष्टीत काय झाले ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या.

मूल अडखळले तर लगेच निकाल देऊ नका. ‘असर’ या ग्रामीण पाहणीत २०२४ साली देशभरातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. आकडा खेड्यांचा आहे, बडोद्याचा नव्हे, परंतु अडचण किती सार्वत्रिक आहे याची कल्पना त्यावरून येते. तेव्हा न वाचणारी मुले वर्गात असणारच. प्रश्न असा आहे की ती कोण, हे शाळेला ठाऊक आहे का. वर्गशिक्षिकेला सरळ विचारा, “आपल्या वर्गात अजून वाचता न येणारी मुले किती आहेत आणि त्यांच्यासाठी आपण काय करता?” “सगळ्यांना येते हो,” असे उत्तर आले तर सावध व्हा. “सहा जण आहेत, दोघांची जोडाक्षरे अडतात, एक मूल दिवाळीनंतर गावाहून परत आलेच नव्हते, त्याला रोज शेवटच्या तासाला वेगळे बसवते,” असे उत्तर आले, तर नमस्कार करून घरी या. शाळा पाहून झाली असे समजा.

आता शिक्षकांची संख्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार आणि दोनशेपर्यंत पाच शिक्षक हवेत. सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक हे प्रमाण आहे. कागदावरची संख्या विचारण्यापेक्षा त्या दिवशी वर्गात उभे असलेले शिक्षक मोजा. निवडणूक आणि जनगणना यांची कामे कायद्यानेच शिक्षकांच्या गळ्यात घातलेली आहेत, त्यामुळे एखादा वर्ग रिकामा दिसला तर दोष नेहमी शाळेचाच असतो असे नाही. तो वर्ग त्या वेळी कोणी सांभाळला, हे मात्र विचारावे. गुजरातेत २०२३ पासून ‘ज्ञान सहायक’ म्हणून कंत्राटी शिक्षक नेमले जातात, त्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो. ही मंडळी पुष्कळदा मन लावून शिकवतात, पण दर वर्षी बाई बदलत असतील तर पहिली-दुसरीच्या मुलांना ते जाणवते. आणखी एक : शिक्षकाने खाजगी शिकवणी घेणे शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. कोणी शिक्षक “संध्याकाळी माझ्याकडे पाठवा” असे सुचवू लागला, तर तो दिवसा काय करतो हे तुम्हाला आपोआप समजले.

पहिली-दुसरीच्या ‘प्रज्ञा’ वर्गात, म्हणजे कृतीतून शिकण्याच्या वर्गात, मुले जमिनीवर गटागटाने कार्डे घेऊन बसलेली दिसली, तर बाके नाहीत म्हणून नाक मुरडू नका. ती पद्धतच तशी आहे. स्वच्छतागृहे तुम्ही पाहालच. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे असते एवढे विचारा. जेवण वाढण्यापूर्वी एखाद्या शिक्षकाने चाखून पाहायचे असते, ते होते का ते पाहा.

पुस्तकांच्या कपाटालाही असेच कुलूप असते. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या, त्याच्याच राजधानीच्या शहरात आज गोष्टींची पुस्तके फाटतील म्हणून कपाटात बंद राहावीत, याचे मला आजही वाईट वाटते. फाटकी, चिकटपट्टी लावलेली पुस्तके दिसली तर आनंद माना.

शेवटी शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. दारात मुलांना न्यायला आलेल्या एखाद्या सदस्य आईला गाठून मागच्या सभेत कशावर बोलणे झाले ते विचारा. आपण सदस्य आहोत हेच तिला माहीत नसेल, तर सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते असे समजावे. तसे असेल तर शाळा टाळलीच पाहिजे असे नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच समितीत जा.

प्रश्न : आमचा नातू दांडिया बाजारजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. पूर्वी जिथे एका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या, तिथे आता मुले इतकी कमी आहेत की दोन इयत्ता एका खोलीत बसवतात. सूनबाई त्याला गुजराती शाळेत घालू म्हणते. मला मराठी सुटू नये असे वाटते. कमी मुले म्हणजे शाळा खालावली असे धरावे काय? (एक आजोबा)

उत्तर : आपले दुःख समजते. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारे हे बडोदे. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. पण आजोबांच्या अभिमानावर नातवाची शाळा ठरवता येत नाही, हेही आपण जाणता.

मुले कमी असणे हा दोष नव्हे, उलट चांगल्या शिक्षकाच्या हाती ती चैन आहे. अडचण इयत्ता एकत्र करण्यात आहे. हिशेब करून पाहा : पहिली ते पाचवीत मिळून पंचेचाळीस मुले असतील, तर कायद्याप्रमाणे दोन शिक्षक पुरेसे ठरतात. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, म्हणजे प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला दिवसाचा निम्म्याहून कमी वेळ येतो, आणि यात कोणी नियम मोडलेला नसतो. म्हणून वर्गाच्या दाराशी उभे राहून शिक्षिका ज्यांना शिकवत आहेत त्यांच्याकडे पाहू नका, उरलेल्या अर्ध्या वर्गाकडे पाहा. त्यांच्या हातात ठरवून दिलेले काम आहे, मोठी मुले लहानांना वाचून दाखवत आहेत, असे दिसले तर नातवाला खुशाल तिथेच ठेवा. ती मुले हाताची घडी घालून गप्प बसली असतील, तर सूनबाईंचे ऐकण्यासारखे आहे.

दोन चौकश्या जरूर करा. पहिली म्हणजे, मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके दर वर्षी जूनमध्येच हातात पडतात की मुले काही आठवडे झेरॉक्सवर काढतात? दुसरी, पाचवीनंतर काय? सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक हवेत. ते या शाळेत नसतील, तर मराठी माध्यमाचा पुढचा वर्ग कुठे आहे आणि नातू तिथे रोज कसा जाईल, हे आताच ठरवावे लागेल. गुजरातीची काळजी त्या मानाने कमी, कारण २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्वच शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे बंधनकारक झाले आहे. मात्र वेळापत्रकातला तो तास खरोखर होतो का, हे नातवाला दुकानाची पाटी वाचायला लावून आपल्याला घरबसल्या कळेल. आणि त्याला गुजराती शाळेत घालायचे ठरलेच, तर रोज रात्री अर्धा तास मराठी वाचून घेण्याचे काम आपले. सूनबाईंवर सोडू नका.

प्रश्न : आमच्या शाळेला गुणोत्सवात, म्हणजे शाळांच्या सरकारी तपासणीत, चांगली श्रेणी मिळाल्याचे फलकावर लिहिले आहे. त्यावर कितपत भरवसा ठेवावा? (एक पालक, कारेलीबाग)

उत्तर : थोडा. गुणोत्सव २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा मंत्री आणि अधिकारी ठरलेल्या दिवसांत शाळांवर जात असत आणि शाळा आठवडाभर आधीपासून त्याच तयारीला लागलेली असे. मी स्वतः त्या तयारीत मुलांकडून पाढे घोटून घेतले आहेत, हे कबूल केलेले बरे. २०१९ पासूनच्या ‘गुणोत्सव २.०’ मध्ये त्यासाठीच नेमलेले निरीक्षक येतात, वर्गात बसतात, आणि श्रेणी देताना अध्ययन-अध्यापनाखेरीज शाळेचे व्यवस्थापन, सहशालेय उपक्रम आणि साधनसामग्री यांचाही विचार होतो. म्हणून एका अक्षरावर समाधान मानू नका. संगणक खोलीमुळे गुण वाढले की वाचनामुळे, हे श्रेणीतून दिसत नाही, तपशिलातून दिसते. मुख्याध्यापकांकडे शाळेचा पूर्ण अहवाल मागा आणि अध्ययनाचे पान आधी वाचा. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांकही (शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक) विचारून घ्या; त्यावरून पटावरची मुले आणि शिक्षक यांची संख्या तुम्हाला स्वतः पाहता येते. अहवाल “साहेबांकडे आहे” असे उत्तर मिळाले, तर चार दिवसांनी पुन्हा जाऊन मागा.