रॅटमधल्या पॅन्क्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या सुजेच्या) वेदनेवर मणक्यातून दिलेलं कोणतं औषध सर्वांत चांगलं?

औषधाचं सांगतो, पण आधी ते कण्यात नेणाऱ्या नळीबद्दल. या विषयात औषधाच्या नावावर खपवलेले बरेच परिणाम खरं तर चुकीच्या जागी बसलेल्या नळीचे असतात.

मानेमागच्या पडद्यातून पीई-१० ही बारीक पॉलिथिलीनची नळी ८.५ सेंमी आत सरकवायची, ही पद्धत याक्श आणि रुडी यांनी १९७६ साली दिली. त्यांना औषध कंबरेच्या भागात न्यायचं होतं. स्वादुपिंडाचे वेदनातंतू मात्र छातीच्या पातळीवर कण्यात शिरतात, मुख्यतः टी६ ते टी१० (छातीचे सहावा ते दहावा) या भागांत. तरीही पोटाच्या दुखण्यासाठी तेच ८.५ सेंमी डोळे झाकून वापरतात आणि विचारलं की 'प्रोटोकॉलमध्ये असंच आहे' म्हणतात. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. तुमच्या वजनगटातल्या मेलेल्या रॅटवर मोजून लांबी ठरवा, आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येक जनावरात रंग सोडून, कणा उघडून टोक कुठे होतं ते बघा.

पीई-१० चा आतला व्यास ०.२८ मिमी, म्हणजे सेंटिमीटरमागे सुमारे ०.६ मायक्रोलिटर. बाहेरचा भाग धरून १२ सेंमी नळीतच सात-साडेसात मायक्रोलिटर अडकतं. १० मायक्रोलिटर औषध देऊन थांबलात तर कण्याला जेमतेम तीन मिळतं. म्हणून मागून १० मायक्रोलिटर सलाइन, तेही सावकाश. औषध आणि सलाइन यांच्यामध्ये हवेचा बारीक बुडबुडा ठेवला की औषध कुठवर सरकलं ते डोळ्यांना दिसतं. औषध प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं. शुद्धीवर आल्यावर मागचा पाय ओढणारं जनावर प्रयोगातून काढा, 'सुधारेल' म्हणून थांबू नका; ताठ नळीने कण्याला इजा झालेली असते.

नळी आधी बसवा, जखम भरू द्या, मगच डीबीटीसी, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आणणारं डायब्युटिलटिन डायक्लोराइड (८ मिग्रॅ/किलो, शेपटीच्या शिरेतून). उलट केलंत तर आजारी जनावर भुलीखाली दगावतं. सुई शिरेबाहेर गेली तर शेपूट सडते. व्हेइकलमध्ये, म्हणजे ते ज्यात विरघळवतात त्या द्रवात, अल्कोहोल असतं, त्यामुळे व्हेइकलचा वेगळा गट लागतोच.

आता औषध. मॉर्फीन काम करतं, ते नालोक्सोनने (मॉर्फीनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाने) उलटवून दाखवावं लागतं. माझं मत मॉर्फीनच्या अपुऱ्या डोसला गाबापेंटिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या औषधाची जोड देण्याच्या बाजूने आहे. वेस्टलंड यांच्या गटाने रॅटमध्ये हे २००४ साली दाखवलं. ग्लियावर (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर) काम करणारं मिनोसायक्लिन यंत्रणा समजायला उपयोगी आहे, पण त्यावरून उपचाराची भाषा करू नये.

पण मोजता काय, यावर सगळं अवलंबून आहे. पोटावर फॉन फ्रे तंतू (ठरावीक दाब देणारा बारीक तंतू) टेकवल्यावर जनावर हललं नाही, तर वेदना कमी झाली असेल, किंवा ते गुंगीत असेल, किंवा स्नायू ढिले पडले असतील. दुखणारं रॅट मागच्या पायांवर उभं राहणं कमी करतं. औषधानंतर ते पुन्हा उभं राहू लागलं, तर तो परिणाम गुंगीचा असू शकत नाही. म्हणून उभं राहण्याची मोजणी आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल तपासणारी चाचणी) नसलेल्या पेपरमधल्या वेदनाशमनाच्या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही. तोच डोस पोटातून टोचलेला एक गटही हवा, नाहीतर औषध कण्यातच काम करतंय हे कळणार कसं?

हे सगळं रॅटचं. माउसमध्ये नळीच्या भानगडीत न पडता एल५-एल६ या कंबरेच्या मणक्यांमधून सुईने ५ मायक्रोलिटर देतात. शेपटी झटकली की सुई जागेवर. मात्र ती जागा कंबरेची आहे, छातीची नव्हे. शिवाय डीबीटीसीने पित्तनलिकाही बिघडते, म्हणून दुखणं निव्वळ स्वादुपिंडाचं धरू नका. आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या) अर्जात जनावरांची संख्या लिहिताना नळीमुळे बाद होणारीही धरा.